दार, एक

लढाई संपली डिसेंबरात.
कागदावर संपायला अजून दीड वर्ष गेलं,
आणि ती संपवली माझ्या बाबांनी,
मुरारच्या बराक-स्टोअरात, लाकडी पेटीवर बसून:
खाटा लोखंडी, चारशे बारा.
बादल्या, गळक्या धरून, नव्वद.
आरसे सात. पैकी फुटके सात.
सही, शिक्का, खाली तारीख.

नदीच्या अलीकडे बत्तीस बराकी होत्या,
घाईघाईत उभ्या केलेल्या, माती-विटांच्या, वर पत्रा.
मे महिन्यात पत्रा असा पेटायचा
की जवान खाटेवर नाही, खाटेखाली झोपायचे,
असं सुतार नत्थीलाल सांगे.
फौज गेली त्या दिवशी बँड नव्हता.
ट्रक होते, आणि मागे धावणारी दोन कुत्री,
तीही पुलापर्यंत.

मग हजीऱ्याचा ठेकेदार आला, पहारी घेऊन.
भिंत पडताना आवाज कमी, धूळ जास्त.
बायका उकिडव्या बसून विटांची माती खरवडायच्या,
शेकड्याला दर ठरलेला,
अर्धी वीट मोजायची नाही.
भूरेलाल धोब्याची गाढवं
पुढचे पंधरा दिवस आपली आपण डावीकडे वळत राहिली,
पाठीवर गठ्ठे नसताना, समोर फाटक नसताना.
मुश्ताक मास्टरकडे शिवून पडलेल्या दोनशे फिती
न्यायला कोणी आलं नाही.
त्यानं त्या मुलींच्या परकरांना लावल्या.
त्या वर्षी मुरारच्या पोरी
लान्स नाईक होऊन हापशावर भांडल्या.

आमच्या घराला हे नवं नव्हतं.
आजोबा संस्थानी फौजेच्या कचेरीत कारकून,
हिशोब मोडीत लिहायचे.
संस्थान गेलं, पलटणी विरघळल्या,
दप्तरं रद्दीवाल्यानं तोलून नेली.
आजोबा बाबांना म्हणाले, मी मोडीत लिहिलं,
तू मोडीत काढ.

आणि गावाचं म्हणाल तर गावाचं नावच लष्कर.
मुरारहून निघालात की लागतो पडाव,
पडावावरून आमचं घर, शिंदे की छावनीत.
कोणीतरी कधीतरी इथे तंबू ठोकले
आणि खुंट्या उपटायच्या विसरले.
त्या खुंट्यांना आता विजेचे मीटर आहेत,
भाडेकरू आहेत, कोर्टात दावे आहेत.
विटांचं बांधलं ते मात्र तीन महिन्यांत सपाट.

बाबांनी आयुष्यात सरकारी टाचणी घरी आणली नाही.
पेन्सिल झिजली की बोटभर थोटूक परत जमा करायचे.
त्याच बाबांनी एका रात्री
नत्थीलालच्या हातगाडीवर, गोणपाटाखाली,
बी-चौदाचं दार आणलं.
सागवानी वगैरे नाही, साधं देवदाराचं.
आई म्हणाली, स्वयंपाकघराला दार आहे की.
बाबा म्हणाले, आता हे असू दे.

आतल्या बाजूला, कडीच्या खाली,
खिळ्यानं ओढलेल्या रेघा:
चार उभ्या, वरून एक आडवी,
चार उभ्या, वरून एक आडवी.
आईनं पोळ्या लाटता लाटता कितीदा तरी मोजल्या.
त्रेचाळीस.
शेवटच्या तीन नुसत्याच उभ्या राहिलेल्या.
सुट्टी मिळाली असेल, आई म्हणायची.
नाहीतर खिळा हरवला असेल.
बाबांना विचारलं की ते
ताटातलं मीठ बोटानं सारखं करायचे.

ते गेल्यावर पेटीत त्यांच्या रजिस्टरची नक्कल सापडली.
शेवटचं पान. खाली खाली सगळीकडे निरंक.
दारं एकशे अठ्ठावीस,
लिलावात गेली एकशे सत्तावीस.
शेऱ्याच्या रकान्यात, त्याच नेटक्या अक्षरात:
दार, एक. वाळवीनं खाल्लं.

पावसाळ्यात ते फुगतं, लागत नाही,
खांद्यानं रेटावं लागतं.
पन्नास वर्षं होऊन गेली.
वाळवी अजून आलेली नाही.